डेकवर धावलेले किलोमीटर मोजायचे की नाही?

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत पणजीच्या एका धावपटूचं पत्र आलं होतं. दूरस्थ मॅरेथॉन (शर्यतीच्या गावी न येता, असाल तिथे तेवढं अंतर धावून पुरावा पाठवायचा) म्हणजे पैसे भरून कुरिअरने मागवलेलं पदक, गोव्यातल्या शर्यतींनी हा गट कायमचा बंद करावा, असा त्यांचा सूर. पत्र जोरकस आहे आणि त्यातले काही मुद्दे मला पटले. पण हा गट ज्यांना खरोखर लागतो त्यांचा त्यात उल्लेखच नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मी साखळीचा, धंद्याने फिटर. खाणीच्या वर्कशॉपात टिप्पर आणि लोडर खोलायचो. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या डिचोली तालुक्यात ट्रकवाला, गॅरेजवाला, चहाच्या गाड्यावाला सगळेच एका दिवसात रिकामे झाले. वर्षभर इकडेतिकडे केलं, मग सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही काढली, एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावरच्या सुरक्षेचे सक्तीचे कोर्स केले आणि जहाजावर गेलो. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, म्हटलं की लोकांना सासष्टी आणि बार्देश हे तालुकेच आठवतात. आमच्या बाजूचेही पुष्कळ आहेत, फक्त आमच्याबद्दल कोणी नाटकं लिहिली नाहीत.

धावण्याचा नाद शाळेपासूनचा. घरी असलो की साखळीहून हरवळ्याकडे, कधी मये तलावापर्यंत, आणि लांब पल्ला करायचा असेल तर थेट नार्व्याच्या फेरीधक्क्यापर्यंत जातो. पण वर्षातले आठ-नऊ महिने मी घरी नसतोच. गोव्यातल्या सगळ्या चांगल्या शर्यती थंडीत होतात आणि थंडीत मी बहुधा कुठल्या तरी समुद्रात. त्यामुळे काही वर्षांपूर्वी इथल्याच एका शर्यतीने 'गोव्याबाहेरच्या गोंयकारांसाठी' दूरस्थ गट उघडला तेव्हा मी पहिल्याच दिवशी नाव घातलं. धाकटी बहीण त्याच शर्यतीत इथे दहा किलोमीटर धावणार होती.

आता पत्रलेखकांचा मुख्य आक्षेप असा, की मॅरेथॉन ही एका जागी, एका वेळी, सगळ्यांनी मिळून धावायची गोष्ट आहे. दुसरीकडे कुठेतरी धावून 'मीही होतो' म्हणणं ही फसवणूक. त्यांना सुनीता विल्यम्सचं उदाहरण सांगावंसं वाटतं. १६ एप्रिल २००७ रोजी बॉस्टन मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा ती आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ट्रेडमिलवर उभी होती. वजन नसल्यामुळे माणूस पट्ट्यावर टिकत नाही, म्हणून खांद्याला आणि कमरेला पट्टे बांधून ताणाच्या दोऱ्यांनी तिला खाली ओढून धरलेलं. ते पट्टे कातडीला किती काचत असतील याची कल्पना ज्याने उंचावर सेफ्टी हार्नेस घालून दिवसभर काम केलंय त्याला येईल. आयोजकांनी तिला १४००० हा क्रमांक दिला होता. खाली बॉस्टनमध्ये त्या दिवशी वादळी वारा-पाऊस, तिथे तिची सख्खी बहीण धावत होती. सुनीताला ४ तास २४ मिनिटं लागली. यात मला सर्वांत आवडतं ते असं, की ह्यूस्टनची मॅरेथॉन साडेतीन तासांच्या आत संपवून ती बॉस्टनसाठी पात्र ठरली होती. म्हणजे जमिनीवरच्या वेळेपेक्षा वर जवळजवळ एक तास जास्त गेला. घरबसल्या सोपं करून घेतलं असं म्हणणाऱ्यांनी हा एक तास लक्षात ठेवावा.

पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनचा अंतराळवीर टिम पीक तिथूनच लंडन मॅरेथॉन धावला, ३ तास ३५ मिनिटांत. आणि २०१२ मध्ये सुनीताने वर ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिहेरी शर्यतसुद्धा केली. पोहायला पाणी नव्हतं, म्हणून तो भाग व्यायामाच्या ताणयंत्रावर हात मारून भागवला. मिरामारला आयर्नमॅन सत्तर पॉइंट थ्री ही तशीच तिहेरी शर्यत होते तेव्हा मांडवीच्या मुखाशी १.९ किलोमीटर पोहणाऱ्यांना हे कदाचित हास्यास्पद वाटेल. वाटू दे. मिरामारला पहिली आले असं ती म्हणाली नव्हती.

करोनाच्या वर्षात तर सगळं जगच अंतराळ स्थानक झालं होतं. १८९७ पासून चालत आलेली बॉस्टन मॅरेथॉन २०२० मध्ये पहिल्यांदाच रस्त्यावर झाली नाही. त्याऐवजी सप्टेंबरमध्ये ७ ते १४ या तारखांत, आपापल्या गावी, सलग सहा तासांच्या आत पूर्ण करा असं सांगितलं गेलं. लंडनने त्या ऑक्टोबरात सामान्य धावपटूंना आपापल्या ठिकाणी चोवीस तासांची मुभा दिली, चाला, थांबा, चहा प्या, पण त्या दिवसात ४२ किलोमीटर पुरे करा. फ्रान्समध्ये तुलूजजवळ एका माणसाने तर सात मीटरच्या बाल्कनीत येरझाऱ्या घालत पूर्ण अंतर काढलं. आम्ही जहाजावरचे लोक ते वाचून हसलो नाही. त्या वर्षाअखेरीस करार संपूनही घरी जाऊ न शकलेल्या खलाशांचा आकडा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने चार लाखांवर सांगितला होता. बंदरात जहाज लागायचं, माल उतरायचा, माणूस उतरायचा नाही. तेव्हा डेकवरच्या फेऱ्या हा आमच्यातल्या कित्येकांचा डोकं ठिकाणावर ठेवायचा एकमेव मार्ग होता.

आता डेकवर धावणं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण पत्रलेखकांच्या डोळ्यांपुढे बहुधा क्रूझवरचा लाकडी ट्रॅक असावा. माझं जहाज बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल नेणारं, दोनशे मीटरच्या आतबाहेर लांब. दक्षिण आफ्रिकेच्या रिचर्ड्स बेहून कोळसा घेऊन पारादीपला चाललं होतं. राहायच्या खोल्या, इंजिन, ब्रिज (जहाज चालवायची खोली) सगळं मागच्या टोकाला. पुढे पाच होल्ड, म्हणजे माल भरायची कोठारं, आणि चार क्रेन. होल्डची झाकणं आणि कठडा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना जी वाट उरते तो माझा रस्ता. त्यात पाइप, व्हॉल्व्ह, वेंटिलेटर, दोरखंड बांधायचे बिट, आणि ठिकठिकाणी पाऊल उचलून ओलांडावं लागेल अशी पोलादाची पट्टी. पुढे फोक्सलपर्यंत, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, दुसऱ्या बाजूने मागे. एक फेरी साडेतीनशे मीटरला थोडी कमी भरते. हिशेब केला तर मॅरेथॉनच्या ४२ किलोमीटरला सव्वाशेच्या आसपास फेऱ्या.

व्यायामाच्या खोलीत ट्रेडमिल होती, पण तिचं सर्किट खाऱ्या हवेने खाल्लेलं. ती दुरुस्त करायची जबाबदारी फिटरची, म्हणजे माझीच. बोर्डाचा स्पेअर कोणी पाठवला नाही. तसंही जहाज डोलायला लागलं की ट्रेडमिलवरून माणूस थेट भिंतीवर जातो.

परवानगी हा वेगळाच अध्याय. कॅप्टन केरळचे, हसले आणि चीफ ऑफिसरकडे बोट दाखवलं. चीफ ऑफिसरने अटी घातल्या: कानात गाणी नकोत, कमरेला वॉकीटॉकी हवा, जहाज पाच अंशांहून जास्त डोलू लागलं की ताबडतोब बंद, आणि एक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, कायम डेकवर. सगळ्या अटी योग्यच होत्या. मला पहाटे चारला सुरू करायचं होतं, उन्हाआधी निम्मं संपावं म्हणून. ते झालं नाही. रात्री डेकचे दिवे लावले तर ब्रिजवरून समोरचं काही दिसत नाही, त्यामुळे चालत्या जहाजावर डेक काळोखातच असतो, आणि काळोखात त्या पाइपांमधून धावायला कोण देणार? उजाडेपर्यंत थांबावं लागलं. एडनच्या आखातातून जाताना तर दिवसाही डेकवर फिरू देत नाहीत, कठड्याला काटेरी तारा गुंडाळलेल्या असतात. त्या मानाने हिंदी महासागराच्या मधोमध आम्ही सुखात होतो.

रविवार होता. वाट आदल्या दिवशी सारंगाने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, मेजपट्टीने मोजली. मी सांगितलं नव्हतं तरी त्याने दोनदा मोजली, आणि दोन्हींतला कमी आकडा धरून वर एक फेरी जास्त मारायला लावली. हे सारंगाला ठाऊक नसेल, पण खऱ्या मॅरेथॉनचे मोजणारेही तेच करतात. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं यंत्र लावून रस्ता मोजतात आणि कुठे चूक राहून अंतर कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग जास्त धरतात, म्हणजे ४२ किलोमीटरला ४२ मीटर. आमच्या भंडाऱ्याने, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाक्याने, तो मालवणचा, पेजेचं पाणी मीठ घालून ठेवलं होतं आणि मी घरून नेलेल्या सोलांचं सरबत. क्रेन नंबर दोनच्या पायथ्याशी बादली, बादलीत बर्फ, बर्फात बाटल्या. कॅडेट पोरगा झाकणावर बसून वहीत पाच-पाचच्या रेघा मारत होता.

पहिला तास बरा गेला. नंतर सूर्य आला आणि डेकचं पोलाद तापायला लागलं, बुटाच्या तळव्यातून कळतं. कोळशाची बारीक पूड धुतली तरी कोपऱ्यात राहते, घामाला चिकटते. आणि समुद्र शांत असला तरी लाटेबरोबर जहाज पुढून मागे हलकंसं झुलत असतं, तेव्हा सपाट वाटेलाही चढ-उतार येतात, फक्त ते कधी येतील हे नक्की नसतं. मला पाच तासांहून जास्त लागले. शेवटच्या काही फेऱ्यांना तिसरा इंजिनियर, दोन ओएस (साधे खलाशी) आणि चक्क कॅप्टन बरोबर चालले. वेळ काही अभिमानाने सांगावी अशी नाही.

आता खरी गंमत. शर्यतीच्या संकेतस्थळावर पुरावा म्हणून फक्त घड्याळाची जीपीएस फाइल चालत होती. जीपीएसला जहाज कळत नाही. आमचा वेग १३ नॉट, म्हणजे तासाला साधारण २४ किलोमीटर. मी मागच्या दिशेला धावत असलो तरी उपग्रहाच्या हिशेबी पुढेच जात होतो. फाइलमध्ये माझ्या नावावर सव्वाशेच्या वर किलोमीटर पडले. संगणकाचं उत्तर आलं: नोंद अमान्य, वेग मानवी मर्यादेबाहेर. या हिशेबाने बंकवर पडून घोरणारा आमचा भंडारी पावणेदोन तासांत मॅरेथॉन संपवतो, व्हिएन्नात एक तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावलेल्या केनियाच्या किपचोगेच्याही पुढे. आणि अंतराळ स्थानक तासाला २८,००० किलोमीटरने फिरतं, तेव्हा सुनीताची मॅरेथॉन साडेपाच सेकंदांत आटोपायला हवी होती! तिची मोजली ती पट्ट्यावरची. पायाखालचा पृष्ठभाग धरूनच धावण्याचं अंतर मोजतात, मग तो पृष्ठभाग रस्त्याचा असो, रबराचा असो की पोलादाचा.

मी मग कॅप्टनच्या सही-शिक्क्याचं पत्र पाठवलं. त्यात सुरुवातीचे आणि शेवटचे अक्षांश-रेखांश, वाटेची मोजणी, कॅडेटच्या वहीचे फोटो. त्याला उत्तर आलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. बहिणीला तिचं पदक मिळालं, तिने ते देवाजवळ ठेवलं आणि मला फोटो पाठवला.

लबाडीचा मुद्दा पत्रलेखकांनी बराच ताणला आहे. फोन भावाच्या स्कूटरवर देऊन कोणीही किलोमीटर काढेल, असं ते म्हणतात. काढेलही. पण लबाडी करायला दूर जावं लागत नाही. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये फ्रेड लॉर्झ मोटारीत बसून बरंच अंतर आला आणि मग धावत स्टेडियममध्ये शिरला. १९८० साली बॉस्टनमध्ये रोझी रुईझ शेवटच्या टप्प्यात गर्दीतून रस्त्यावर उतरली आणि महिलांत पहिली म्हणून तिच्या डोक्यावर हार चढला. तो आठवडाभराने काढून घ्यावा लागला. दोन्हीकडे हजारो प्रेक्षक होते. उलट माझ्या शर्यतीत आठ वाजेपर्यंत चीफ ऑफिसर आणि नंतर तिसरा ऑफिसर ब्रिजच्या काचेतून सगळं डेक बघत होते, बघणं हेच त्यांचं काम. क्रेनच्या आड मी दहा सेकंद जास्त राहिलो असतो तर वॉकीटॉकीवर नाव पुकारलं गेलं असतं. आणि चालत्या जहाजावरून शॉर्टकट मारून जाणार कुठे?

'खरी मॅरेथॉन' हा शब्दही जरा जपून वापरावा. बॉस्टनचा मार्ग एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो आणि उतारही जास्त, म्हणून तिथली वेळ विश्वविक्रमाला धरत नाहीत. २०११ मध्ये जेफ्री मुताई तिथे २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत धावला, तोवरच्या सगळ्यांहून वेगात, तरी विक्रम नाही. किपचोगेची व्हिएन्नाची धावही विक्रमात नाही. म्हणून त्या दोघांना कोणी खोटे ठरवलं नाही. नोंद वेगळ्या वहीत झाली इतकंच. माझं म्हणणंही तेवढंच आहे. आमच्या साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटीच्या काठी विठ्ठलाचं देऊळ आहे, आषाढीला पंढरपूर गाठता येत नाही ते तिथे जातात. पंढरपूर केलं असं त्यांतलं कोणी सांगत नाही, आणि तू एकादशी केलीच नाहीस असं त्यांना कोणी म्हणत नाही.

पत्रलेखकांशी एका बाबतीत मात्र मी शंभर टक्के सहमत आहे. ताळगावात राहायचं, शर्यतीचा रस्ता दारासमोरून जातो, आणि गर्दी नको म्हणून संध्याकाळी एकट्याने धावून पदक घ्यायचं, हे बंद व्हायलाच हवं. तसंच ज्या शर्यतीशी, गावाशी काही संबंध नाही तिचं चकचकीत पदक वर्षभर विकत राहणं हा निव्वळ धंदा आहे. दूरच्या गटाला बक्षीस नको, क्रमांक नको, मुख्य निकालात नाव तर मुळीच नको. वेगळी यादी, त्यात नाव आणि धावला ती जागा. बाहेर असल्याचा पुरावा मागा. आमच्याकडे सीडीसीवर शिक्के असतात, आखातातल्यांकडे व्हिसा असतो. पदक कुरिअरने पाठवू नका, घरच्या माणसाने येऊन न्यावं. टीशर्टचे पैसे वगळून फी ठेवा, आम्हाला इथे टीशर्टची वाण नाही.

आणि पुरावा म्हणून जीपीएसबरोबर मोजलेली वाट आणि साक्षीदाराची सही हा पर्याय ठेवा. जहाजावर कॅप्टन, रिगवर तिथला इनचार्ज, कंपनीच्या कॅम्पात कॅम्प बॉस. कॅप्टनची लेखी परवानगी असल्याशिवाय जहाजावरच्या माणसाची नोंद घेऊच नका, ही अट मी स्वतःहून सुचवतो, कारण पदकासाठी खराब समुद्रात डेकवर उतरणारा एखादा महाभाग निघेलच. एकाच रविवारचा हट्टही नको. आमचा रविवार बंदरात लागला तर आम्ही दिवसभर कामात असतो, आणि पूर्वेकडे जाताना घड्याळं पुढे करत करत तुमचा रविवार आणि आमचा रविवार तसाही एका वेळी सुरू होत नाही. बॉस्टनने आठ दिवस दिले होते. आपल्याला चार चालतील.

पत्रलेखक एका धावपटूंच्या मंडळाचे सदस्य आहेत असं त्यांनी सहीखाली लिहिलं आहे. त्यांनी हे मुद्दे बैठकीत मांडावेत, विरोध म्हणून मांडले तरी चालेल. मी सध्या साखळीत आहे, बोलावलं तर सारंगाची मोजणी आणि कॅडेटची वही दोन्ही घेऊन येईन. फक्त बैठक पावसाळा संपायच्या आत ठेवा. त्यानंतर माझं जॉइनिंग आहे, बहुतेक सिंगापूरहून, आणि हिवाळी शर्यतीचे फॉर्म उघडतील तेव्हा जहाजावर नेट असेल की नाही ते देवाला माहीत.

आपला,
एक जहाजी फिटर,
साखळी, डिचोली